नॉर्मल की हार्ड, कॅज्युअल की क्लासिक? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात टॅक्टिकल आरपीजी गेम्सबद्दल लिहिलं होतं, म्हणजे आळीपाळीने टर्न घेत, चौकटीचौकटीने माणसं हलवत खेळायचे ते. त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच ठिकाणी अडकलेली निघाली. गेम सुरू केला की डिफिकल्टी कुठली, मोड कुठला असं विचारणारा स्क्रीन येतो, तिथे काय दाबायचं? म्हणून या वेळी फक्त तेवढंच घेतलंय, बाकीच्या पत्रांनी जरा धीर धरा.

प्रश्न : दादा, भावाने सिंगापूरहून येताना निन्टेन्डोचा स्विच कन्सोल आणला आणि सोबत फायर एम्ब्लेम : थ्री हाउसेस. सुरू केला तर आधी नॉर्मल का हार्ड विचारतो, मग लगेच कॅज्युअल का क्लासिक विचारतो. दोन्ही एकच नाही का? मी बुद्धिबळ बऱ्यापैकी खेळतो पण असला गेम पहिल्यांदाच, त्यामुळे अजून तळ्यात मळ्यात चाललंय.
– एक वाचक, सांगली

एकच नाही रे, आणि इथेच सगळ्यांचा घोळ होतो. डिफिकल्टी म्हणजे समोरचा किती तगडा. मोड म्हणजे आपला माणूस पडला तर त्याचं पुढे काय होणार. कॅज्युअलमध्ये पडलेला त्या लढाईपुरता बाहेर बसतो आणि पुढच्या लढाईला परत हजर. क्लासिकमध्ये मेला तो मेला, त्याच्याशी होणाऱ्या गप्पा गेल्या, तू (यात आपण मठातल्या शाळेचे शिक्षक असतो) महिनोनमहिने बसून त्याला जे भाले-तलवारी शिकवल्यास तेही त्याच्याबरोबरच गेलं. जुलै २०१९ ला गेम आला तेव्हा नॉर्मल आणि हार्ड एवढंच होतं, सप्टेंबरमध्ये फुकट अपडेटमधून हार्डच्याही वरचं मॅडनिंग आलं, त्याच्याबद्दल खाली एका पत्रात येईलच.

आता तुझं. तू बुद्धिबळ खेळतोस ना, मग नॉर्मलच्या वाटेला जाऊ नकोस. नॉर्मल वाईट नाहीये, पण नॉर्मलवर जादाच्या छोट्या लढाया वाटेल तेवढ्या फुकट खेळता येतात, त्या खेळल्या की पोरांच्या लेव्हल इतक्या वर जातात की मुख्य लढाईत डोकं लावायची गरजच उरत नाही, एकाला पुढे सोडायचं आणि आपण चहा प्यायचा. हार्डवर त्या लढायांना सुट्टीच्या दिवसातले पॉइंट मोजावे लागतात, मग आज लढायचं, का मठात फिरून सगळ्यांशी बोलायचं, का सेमिनार घ्यायचा, हे ठरवावं लागतं. गेमची अर्धी मजा त्या ठरवण्यात आहे असं मला तरी वाटतं.

मोडचं म्हणशील तर क्लासिकच घे. कारण अगदी साधं आहे, थ्री हाउसेसमध्ये पायऱ्या फक्त खाली उतरता येतात. हार्डवरून नॉर्मलवर, क्लासिकवरून कॅज्युअलवर सेटिंग्जमध्ये जाऊन कधीही येता येतं, पण एकदा खाली आलं की वर चढता येत नाही. त्यामुळे ज्याचं ठरत नाहीये त्याने वरूनच सुरुवात करावी, जमलं नाही तर उतरायला कोण अडवतंय. नॉर्मल-कॅज्युअलवर सुरू करून दहाव्या तासाला कंटाळलास तर मात्र गेम पहिल्यापासून सुरू करण्याशिवाय इलाज नाही.

आणि क्लासिक नुसतं ऐकायला भीषण वाटतं. सुरुवातीची शाळेतल्या तिन्ही हाउसची, म्हणजे तिन्ही गटांची, सरावाची लढाई असते तिच्यात कोणी मरत नाही, क्लासिकवरसुद्धा नाही. शिवाय डिव्हाइन पल्स म्हणून सोय आहे, लढाई मागे नेता येते, पाहिजे त्या चालीपर्यंत. दर लढाईत ठरावीक वेळा वापरता येते आणि पुढे मठातल्या पुतळ्यांवर पॉइंट खर्च करून ती संख्या वाढवता येते. एक लक्षात ठेव, मागे जाऊन तीच चाल त्याच क्रमाने केलीस तर निकाल पण तोच येतो. नेम चुकला होता तर परत चुकणारच. क्रम बदल, आधी दुसऱ्याला मारायला लाव, नाहीतर जागा बदल.

हार्डवर खेळताना एक सवय पहिल्याच दिवशी लावून घे. तू माणूस एखाद्या चौकटीत नेऊन ठेवलास, अजून चाल पक्की केलेली नाही, तेव्हा शत्रूंकडून लाल रेषा निघतात, कोण कोणावर येणार ते दाखवणाऱ्या. त्या बघ. समज मॅज, म्हणजे जादू करणाऱ्या, पोरीला एक घर पुढे नेलंस आणि तीन रेषा एकदम तिच्याकडे वळल्या. एक घर मागे घेतलंस की त्यातल्या दोन वळून चिलखतवाल्या पोराकडे जातात, आणि त्याला बाण लागले तरी ओरखडा उठल्यासारखं होतं. एवढ्या एका घरासाठी हार्ड खेळायचं. नॉर्मलवर त्या रेषा बघायची वेळच येत नाही.

प्रश्न : मी रोज डोंबिवली ते सीएसएमटी लोकलने जाते, सीट मिळाली तर तेवढ्या वेळात खेळते. कॅज्युअलवर खेळते म्हणून ऑफिसमधली पोरं चिडवतात, "हे चीटिंग आहे, खरा फायर एम्ब्लेम म्हणजे क्लासिकच." खरंच का?
– एक वाचक, डोंबिवली

ताई, त्यांना विचारा, क्लासिकवर कोणी मेलं की तुम्ही काय करता? दहातले नऊ जण म्हणतील, रिसेट मारतो. म्हणजे माणूस त्यांचाही मरत नाही आणि तुमचाही मरत नाही, फरक एवढाच की त्यांचा अर्धा तास जातो.

इतिहास हवा असेल तर तोंडावर मारायला देतो. पहिला फायर एम्ब्लेम १९९० साली जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जुन्या कन्सोलवर आला, तेव्हापासून मेला तो मेला हाच नियम होता. कॅज्युअल मोड पहिल्यांदा आला २०१० मध्ये, डीएसवरच्या न्यू मिस्टरी ऑफ द एम्ब्लेममध्ये, तो गेम तेव्हा जपानबाहेर आलाच नाही. मग २०१२ चा अवेकनिंग. त्या वेळी मालिकेची अवस्था अशी होती की विक्री अडीच लाखांच्या खाली गेली तर गाशा गुंडाळायचा असं निन्टेन्डोकडून सांगितलं गेलं होतं, हे बनवणाऱ्यांनीच नंतर मुलाखतीत सांगितलंय. अवेकनिंगमध्ये कॅज्युअल होता, तो गेम दहा लाखांच्या कितीतरी वर गेला. सगळं श्रेय कॅज्युअलचं असं मी म्हणणार नाही, पण जे नवीन लोक आले त्यातले बरेच त्याच दारातून आत आले, आणि ते आले नसते तर तुमच्या ऑफिसातल्या पोरांना थ्री हाउसेस मिळाला असता का हा प्रश्नच आहे. पुढे फेट्समध्ये तर फिनिक्स मोड काढला, त्यात पडलेला माणूस पुढच्याच टर्नला उठून उभा! तो मात्र मलाही जास्तच वाटला, शत्रूने मारण्याला काही अर्थच राहत नाही.

लोकलमध्ये खेळणाऱ्यांसाठी मी तर हार्ड-कॅज्युअल सांगीन. ठाण्याला धक्काबुक्कीत चुकीचं बटण दाबलं गेलं म्हणून कोणाचा जीव जाऊ नये, पण लढाई मात्र विचार करायला लावणारी हवी. दोन वेगळी बटणं दिलीयेत ती वेगवेगळी वापरायलाच ना. फक्त एक ध्यानात असू द्या, कॅज्युअलमध्येसुद्धा बायलेथ, म्हणजे आपण स्वतः, पडलो की गेम ओव्हरच होतो.

प्रश्न : एक्सकॉम २ मध्ये ९० टक्के दाखवतं आणि शॉट हुकतो!! फायर एम्ब्लेममध्ये मात्र ९० असलं की जवळपास कधी हुकत नाही. कुठला गेम खोटं बोलतोय? आणि डिफिकल्टी कमी केली तर टक्के बदलतात का?
– एक विद्यार्थी, नाशिक

खोटं दोघं बोलतात, पण बऱ्याचदा तुझ्या बाजूने बोलतात.

फायर एम्ब्लेमचं आधी. जुन्या गेम्समध्ये सरळ होतं, शून्य ते नव्याण्णवमधला एक आकडा काढायचा, दाखवलेल्या टक्क्यापेक्षा लहान आला तर वार लागला. २००२ च्या बायंडिंग ब्लेडपासून एकाऐवजी दोन आकडे काढून त्यांची सरासरी घ्यायला लागले, आणि थ्री हाउसेसमध्येही तेच आहे. सरासरी घेतली की टोकाचे आकडे कमी येतात आणि मधले जास्त. दोन आकड्यांच्या एकूण १०,००० जोड्या होतात, त्यातल्या फक्त १९० जोड्यांची सरासरी ९० किंवा वर जाते. म्हणजे स्क्रीनवर ९० लिहिलंय पण खरे आहेत ९८.१. तसंच ७५ दाखवलं तर खरे पावणेअठ्ठ्याऐंशी. उलट्या बाजूने पण हेच, शत्रूला तुझ्यावर १० टक्के दाखवत असेल तर खरे दोनाच्या जरासेच वर. म्हणून चपळ पोरं इतकी वाचतात, आणि जो बेत ९० च्या वर बसवलाय तो बहुतेक पार पडतो. डिफिकल्टी बदलली तरी ही सरासरीची पद्धत बदलत नाही. बदलतात ते शत्रूचे आकडे, तो जास्त चपळ झाला की मुळात दाखवलेले टक्केच खाली येतात, आणि ९० वरून ७० वर आलास की सरासरी धरूनही खरे ८२ च्या आसपासच उरतात.

एक्सकॉमची, म्हणजे एलियनशी लढायच्या त्या गेमची, तऱ्हा वेगळी. तिथे एकच आकडा काढतात, पण खालच्या डिफिकल्टींवर गेम गुपचूप मदत करतो. लागोपाठ शॉट हुकले की पुढचा लागायची शक्यता आतल्या आत वाढवतो, स्क्रीनवर मात्र जुनाच आकडा. लेजेंड या सगळ्यात वरच्या डिफिकल्टीवर ही मदत बंद, दाखवेल तेवढंच मिळेल. आता गंमत बघ, लेजेंडवर गेम सगळ्यात प्रामाणिक असतो आणि लोक सगळ्यात जास्त शिव्या तिथेच घालतात. नव्वदचा शॉट दहा वेळा मारला तर सरासरीने एकदा हुकायचाच, फक्त तो नेमका दारात एलियन उभा असतानाच हुकला म्हणून डोक्यात बसतो.

तू कुठल्या डिफिकल्टीवर आहेस ते लिहिलं नाहीस. लेजेंडवर असशील तर एक खाली ये, कमांडरवर. आयर्नमन चालू असेल, म्हणजे एकच सेव्ह, मागे जाता येत नाही तो प्रकार, तर आधी त्याच्याशिवाय नवा डाव मांड आणि मग डिफिकल्टीकडे बघ. हुकलेल्या शॉटचा राग बहुतेक वेळा आयर्नमनचा राग असतो.

प्रश्न : बाल्डर्स गेट ३ बॅलन्स्डवर, म्हणजे नेहमीच्या डिफिकल्टीवर, संपवला. आता मित्र म्हणतात डायरेक्ट ऑनर मोड घे, सोनेरी फासे मिळतात. मधलं टॅक्टिशियन घेऊ की सरळ ऑनर?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

सोनेरी फाशांसाठी कोणी शंभर तास पणाला लावतं का राव! पण असो, लावतात, मीही ओळखतो अशा लोकांना.

टॅक्टिशियन म्हणजे शत्रूंचं रक्त सुमारे ३० टक्के जास्त, त्यांच्या हल्ल्याच्या फाशांवर दोन जास्तीचे, आणि रात्रीच्या मोठ्या विश्रांतीला ४० ऐवजी ८० इतकी शिधासामग्री लागते. हे शेवटचं लोक हलक्यात घेतात आणि तिथेच मार खातात, कारण बॅलन्स्डवर आपल्याला सवय लागलेली असते प्रत्येक लढाईनंतर ताणून द्यायची. टॅक्टिशियनवर सुरुवातीच्या भागात पोती, पिंपं, मडकी सगळं उचकायला लागतं, एक सफरचंद दिसलं तरी सोडायचं नाही.

ऑनर मोड नोव्हेंबर २०२३ च्या पाचव्या पॅचमधून आला. टॅक्टिशियनचं सगळं आहेच, वर एकच सेव्ह, आणि मोठ्या बॉसना स्वतःच्या टर्नबाहेर काहीतरी करायची मुभा, त्याला लेजेंडरी अॅक्शन म्हणतात. तू चाल केलीस की मध्येच तो उठून काहीतरी करतो, त्यामुळे बॅलन्स्डवर पाठ झालेली लढाई तशीच्या तशी चालत नाही. चारीच्या चारी जण आडवे झाले की ऑनर संपला. गोष्ट पुढे चालू ठेवता येते, पण ऑनर म्हणून नाही आणि सोनेरी फासे नाहीत.

म्हणून सांगतो, त्याच पॅचमध्ये कस्टम मोडही आला तिकडे कोणी बघत नाही. त्यात ऑनरचे नियम घेता येतात आणि एकाच सेव्हची अट सोडता येते. आधी तसं खेळ, बॉस मध्येच काय करतात ते बघून घे, एकदा हरून बघ. मग वाटलंच तर खरा ऑनर. टॅक्टिशियन मध्ये घ्यायलाच हवं असं काही नाही, पण विश्रांती कमी घ्यायची सवय लागलेली नसेल तर मात्र आधी टॅक्टिशियनच घे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय सत्तरीकडे. नातू हे गेम खेळतो ते बघून मलाही वाटतं. हात चपळ नाहीत, पण पटावर बसवलं तर अजून ऐकत नाही कोणाला. घरात लॅपटॉप आहे. कुठून सुरू करू आणि काय लावू?
– एक आजोबा, रत्नागिरी

सर, नमस्कार. हात चपळ नसले तरी चालतं, हे गेम तुमची चाल होईपर्यंत थांबून राहतात, मध्ये उठून जेवून आलात तरी काही बिघडत नाही.

लॅपटॉपवर ट्रँगल स्ट्रॅटेजी घ्या. २०२२ मध्ये आधी स्विचवर आणि नंतर त्याच वर्षी पीसीवर आला. डिफिकल्टी चार आहेत, व्हेरी इझीपासून हार्डपर्यंत, आणि मध्ये केव्हाही वरखाली करता येते, थ्री हाउसेससारखी एकेरी वाट नाही. कोणी कायमचं मरत नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, लढाई हरलात तरी तोपर्यंत मिळालेला अनुभव, म्हणजे एक्सपीरियन्स, तुमच्याकडेच राहतो, परत खेळायला याल तेव्हा थोडे वरचढ होऊन येता. तुम्ही नॉर्मलवर सुरू करा. इझी लावू नका सर, पट जाणणाऱ्या माणसाला कंटाळा येईल. उंचीवरून मारलं तर जास्त लागतं आणि दोघांनी शत्रूच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना उभं राहून वार केला तर दुसराही मागोमाग मारतो, या दोन गोष्टी कळल्या की नातवाला बोलावून दाखवा. इंग्रजी मजकूर मात्र भरपूर आहे, पहिले दोन-तीन तास लढाई कमी आणि बोलणं जास्त, तिथे वैतागून सोडू नका.

प्रश्न : थ्री हाउसेस हार्डवर तिन्ही बाजूंनी झाला. मॅडनिंग घेतला आणि पाचव्या चॅप्टरला आपटलो, कोनांड टॉवरला. मागून माणसं येतात आणि आल्या आल्या मारतात. हे फेअर आहे का? न्यू गेम प्लस घेऊ का?
– एक वाचक, न्यू जर्सी

फेअर नाहीच. हार्डवर कुमक आली तर ती नुसती उभी राहते, तुला एक टर्न मिळते. मॅडनिंगवर ती आली त्याच टर्नला हलते आणि मारते. याची आधी कल्पना असणं हा एकच उपाय आहे, म्हणजे पहिल्या वेळी खेळणाऱ्याला मार खाल्ल्याशिवाय कळणारच नाही असं काहीतरी त्यांनी करून ठेवलंय. अवघड असायला माझी हरकत नाही, पण समोर न दिसणाऱ्या गोष्टीने मारायचं आणि त्याला टॅक्टिक्स म्हणायचं हे मला पटत नाही. त्यात चोरांना पास नावाचं स्किल देऊन ठेवलंय, तू दोन चिलखतवाले भिंतीसारखे उभे केलेस तरी ते मधून निघून जातात.

टॉवरसाठी म्हणशील तर सगळ्यात टणक माणूस पुढे ठेवू नकोस, त्याला शेपटाला ठेव. वर जायची घाई सगळेच करतात आणि सगळ्यात मागे राहते बिचारी हीलर, म्हणजे जखमींना बरं करणारी. मागून येणारे तिच्यावर तुटून पडतात. टणक माणूस वाट अडवून मागे, त्याच्या पुढे हीलर, आणि पुढची फळी तिरंदाज आणि मॅज वापरून हळूहळू सरकवायची. डिव्हाइन पल्सचे निम्मे वापर कुमक कुठून येते हे बघण्यातच जातील, जाऊ देत, ते त्यासाठीच आहेत असं समज.

न्यू गेम प्लस, म्हणजे संपवलेल्या खेळाची कमाई घेऊन परत सुरुवात, बिनदिक्कत घे. आधीच्या खेळात साठवलेला रिनाउन खर्च करून प्रोफेसर लेव्हल, सपोर्ट, शिकवलेली कौशल्यं परत विकत घेता येतात, त्यामुळे सुरुवातीचे जे चॅप्टर मॅडनिंगवर सगळ्यात जास्त जाच करतात तेच नेमके सुसह्य होतात. काही लोक म्हणतील की मग ते मॅडनिंग खरं नाही. मॅडनिंग न्यू गेम प्लसशिवाय खेळायचाच असेल तर तीन हाउसपैकी ब्लू लायन्स घेऊन बघ, सुरुवातीला दिमित्री आणि देदू असे दोन मार सहन करणारे घरचेच मिळतात, आणि मोड कॅज्युअल ठेव. हो, मॅडनिंग-कॅज्युअल. मेनूमध्ये आहे तो पर्याय, आणि त्याच्यावरही बरीच मंडळी पाचव्या चॅप्टरलाच आपटतात.

पुढच्या अंकात पत्रांमधला दुसरा मोठा विषय घेऊ, क्लास कधी बदलायचा आणि कोणाला घोड्यावर बसवायचं. प्रश्न पाठवताना गेमचं नाव आणि डिफिकल्टी दोन्ही लिहा, अर्ध्या पत्रांत ते नसतं आणि मग मला अंदाजपंचे दाहोदरसे करत बसावं लागतं.